विहीणबाईंशी बोलायचंय, पण स्पॅनिशमध्ये विचारू कसं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मी नाशिकला इंदिरानगर भागात राहते. वय ५८. शिक्षण मराठी माध्यमातलं, नोकरीतही इंग्रजी बोलायची वेळ फारशी आली नाही. मुलगा नोकरीसाठी मेक्सिकोत आहे. त्याने तिथल्याच मुलीशी लग्न केलं. सून गोड आहे, इंग्रजी बोलते, मला 'आई' म्हणते. जानेवारीत ते दोघं तिच्या आईला घेऊन इथे येताहेत, तीन आठवडे मुक्काम आहे. विहीणबाईंना स्पॅनिशशिवाय दुसरी भाषा येत नाही. म्हणून मी फोनवरच्या अ‍ॅपवर स्पॅनिश शिकायला घेतलं. 'मुलगा सफरचंद खातो' हे म्हणता येतं, पण 'तुम्हाला भूक लागली का?' हे विचारता येत नाही. अ‍ॅप इंग्रजीतून शिकवतं, तिथेच मी अडते. ऑनलाइन क्लासमध्ये सांगितलं की आधी क्रियापदांचे तक्ते पाठ करा, प्रश्न नंतर. मुलगा म्हणतो, 'आई, कशाला त्रास घेतेस, मी आहे ना सांगायला.' पण तीन आठवडे एका घरात आम्ही दोघींनी नुसतं एकमेकींकडे बघून हसायचं का? इंग्रजी धड येत नसताना या वयात स्पॅनिशमध्ये साधे प्रश्न विचारायला जमेल का, की नाद सोडू?

प्रिय ताई,

नाद सोडू नका. जानेवारीच्या आत जमेल, कारण तुम्हाला अख्खी स्पॅनिश भाषा शिकायची नाहीये. एका बाईला, आपल्या घरात, मोजके प्रश्न विचारायचे आहेत. ही दोन निराळी कामं आहेत. तुम्हाला ती एकच म्हणून सांगितली गेली, म्हणून ओझं वाटतंय.

इंग्रजी नीट येत नाही म्हणून स्पॅनिश येणार नाही, असं तुम्ही धरून चालला आहात. हे मला पटत नाही. मी नाशिकमध्येच स्पॅनिश शिकवते. इंग्रजी माध्यमातली हुशार मुलं प्रश्न करायला शिकताना सुरुवातीला हमखास एकाच जागी अडतात. 'डू यू', 'डज शी' यातल्या त्या 'डू'ला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात, हे ती शोधत राहतात. तसा शब्द स्पॅनिशमध्ये नाहीच. तुम्हाला तो शोधायची गरज नाही, कारण मराठीतही तो नाही. 'भूक लागली?' असं आपण आवाज चढवून म्हणतो आणि प्रश्न होतो. स्पॅनिशही हेच करतं. 'ला कोमीदा एस्ता कालिएन्ते' म्हणजे जेवण गरम आहे. तेच शब्द त्याच क्रमाने ठेवून शेवटी आवाज वर नेलात की 'ला कोमीदा एस्ता कालिएन्ते?', जेवण गरम आहे का? झाला प्रश्न. अ‍ॅपवर तुम्ही जी साधी वाक्यं शिकलात, ती सगळी आज रात्रीपासून प्रश्न म्हणून वापरता येतील.

फक्त आपला 'का' तिथे शोधू नका. आपल्याकडची बरीच मंडळी, विशेषतः हिंदीतल्या 'क्या'ची सवय असलेली, वाक्याच्या सुरुवातीला 'के' लावतात. 'के' म्हणजे 'काय', ती 'का'ची जागा घेत नाही. 'के तिएने आंब्रे' असं म्हणालात तर ऐकणारी गोंधळेल. नुसतं 'तिएने आंब्रे?' म्हणा. 'तिएने' म्हणजे आहे, जवळ आहे. 'आंब्रे' म्हणजे भूक. तुम्हाला भूक आहे? बस, हाच तुमचा अडलेला प्रश्न. 'आंब्रे'च्या जागी 'सेद' ठेवलंत की तहान, 'सुएन्यो' ठेवलंत की झोप, 'फ्रिओ' ठेवलंत की थंडी. जानेवारीत निफाडकडून येणारं गार वारं तुम्ही जाणताच, तेव्हा 'तिएने फ्रिओ?' पहिल्याच संध्याकाळी कामाला येईल.

आता तक्त्यांचं. क्रियापदांचे तक्ते वाईट नाहीत. परीक्षेला बसणाऱ्याला ते लागतात आणि पुढे तुम्हालाही आवडतील. पण त्या तक्त्यात प्रत्येक काळाची सहा रूपं असतात: मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते. विहीणबाईंशी बोलताना त्यातली दोन पुरतात. एक त्यांना विचारायला, दुसरं स्वतःबद्दल सांगायला. विचारायचं ते रूप आदराचं असू द्या. स्पॅनिशमध्ये जवळच्या माणसाला 'तू' म्हणतात (उच्चार आणि अर्थ, दोन्ही आपलेच) आणि मानाने 'उस्तेद' म्हणतात. पहिल्या भेटीत वयाने आपल्याएवढ्या बाईला मेक्सिकोत 'उस्तेद' शोभतं. 'उस्तेद'चं क्रियापद 'तो-ती'च्या क्रियापदासारखंच असतं. त्यामुळे 'तिएने फ्रिओ?' हे विहीणबाईंना विचारलं तर 'तुम्हाला थंडी वाजते का?' आणि सुनेबद्दल 'सु इहा तिएने फ्रिओ?' विचारलं तर 'तुमच्या मुलीला थंडी वाजते का?' एकाच रूपात दोन्ही कामं होतात. तिएने, किएरे, बिबे, एस्ता, पुएदे: आहे, हवंय, राहता, आहात, शकता. ही पाच रूपं तोंडात बसली की तुमचा निम्मा दिवस निभावतो. त्यांनी पुढे आपण होऊन 'तू' सुरू केलं तर तुम्हीही करा, तोवर घाई नको.

'कर्त्याचं काय, तो कुठे ठेवायचा?' असं अ‍ॅपने तुमच्या मनात भरवलं असेल. मराठीत आपण 'कुठे राहता?' म्हणतो, 'तुम्ही' दर वेळी लावत नाही, कारण 'राहता' यातच ते कळतं. स्पॅनिशमध्येही तसंच. 'दोंदे बिबे?' एवढंच पुरे.

प्रश्नार्थक शब्द थोडेच आहेत आणि ते तुमच्या कानाला परके वाटणार नाहीत. काय, कोण, कधी, कसं, किती, कोणतं हे आपल्याकडे सगळे 'क'ने सुरू होतात. स्पॅनिशमध्ये के, किएन, क्वांदो, कोमो, क्वांतो, क्वाल. हा योगायोग नाही. संस्कृतचे किम्, कः, कदा, कति आणि स्पॅनिशची आई असलेल्या लॅटिनचे क्विद, क्विस, क्वांदो, क्वांतुस एकाच प्राचीन मुळातून आले आहेत. कुठे म्हणजे 'दोंदे', तेवढा वेगळा पाठ करा. आणि 'का' म्हणजे कशामुळे, त्याला 'पोर के'. उत्तरातलं 'कारण' म्हणजे 'पोर्के', एका शब्दात.

जागा मात्र बदलते. आपण म्हणतो, 'तुमचं घर कुठे आहे?' प्रश्नाचा शब्द क्रियापदाच्या अलीकडे येतो. स्पॅनिशमध्ये प्रश्नाचा शब्द सगळ्यांच्या पुढे, त्याला लागून क्रियापद, आणि ज्याबद्दल विचारायचं ते शेवटी: 'दोंदे एस्ता सु कासा?' कुठे, आहे, तुमचं घर. हा क्रम काही दिवस मोठ्याने म्हणून बघा, स्वयंपाक करताना म्हणा. जीभ वळते.

आपण शब्दाच्या शेवटी जे जोडतो, ते स्पॅनिशमध्ये शब्दाच्या आधी येतं. कुणा-बरोबर, कुठू-न, कशा-साठी, किती वाज-ता. तिथे 'कोन किएन', 'दे दोंदे', 'पारा के', 'आ के ओरा'. 'आ के ओरा कोमे?' म्हणजे किती वाजता जेवता? हा प्रश्न तुम्ही पहिल्याच दिवशी विचारावा असं मला वाटतं. मेक्सिकोत दिवसातलं मोठं जेवण बऱ्याच घरांत दुपारी दोनच्या पुढे होतं आणि रात्री हलकं काही खातात. आपल्याकडे रात्री नऊला ताट वाढून आग्रह सुरू झाला की पाहुणीला अवघड होतं. हे व्याकरणापेक्षा महत्त्वाचं आहे.

'किती'जवळ जरा थांबा. आपलं 'किती' कधी बदलत नाही, स्पॅनिशचं बदलतं. क्वांतोस इहोस, किती मुलगे किंवा मुलं. क्वांतास इहास, किती मुली. एक पुरुषी, एक बायकी. उलट आपलं कसा, कशी, कसं बदलतं, तिथलं 'कोमो' तसंच राहतं. चुकलात तरी अर्थ कळतो, तेव्हा या चुकीपायी बोलणं अडवू नका.

जिथे मराठी माणूस खरोखर फसतो ती जागा 'आहे' ही आहे. आपल्या एका 'आहे'साठी स्पॅनिशमध्ये तीन शब्द आहेत आणि प्रश्न विचारताना त्यातला एक निवडावाच लागतो. एखादी वस्तू आहे की नाही एवढंच विचारायचं असेल तर 'आय': 'आय आग्वा?' पाणी आहे का? 'आय लुस?' लाइट आहे का? (मेक्सिकोत वीज गेली की हेच विचारतात.) वस्तू आहे हे माहीत आहे, पण कुठे किंवा कोणत्या अवस्थेत ते विचारायचंय, तर 'एस्ता': 'दोंदे एस्ता एल बान्यो?' बाथरूम कुठे आहे? हा प्रश्न विहीणबाई तुम्हाला विचारतील, तेव्हा तो ओळखता यायला हवा. आणि एखादी गोष्ट मुळात काय, कोण, कुठली, कशाची ते विचारायला 'एस': 'के एस एस्तो?' हे काय आहे? 'दे के एस?' हे कशाचं आहे? 'कोमो एस्ता?' म्हणजे तुम्ही कशा आहात, तब्येत कशी आहे. पण 'कोमो एस सु कासा?' म्हणजे तुमचं घर कसं आहे, वर्णन करा. हे वाचून लगेच पक्कं होणार नाही. वापरून होईल. गोंधळ झाला तर 'एस्ता' आणि 'एस' यातलं कोणतंही एक वापरा आणि पुढे चला. 'आय' मात्र वेगळा ठेवा, कारण तो दिवसभर लागतो.

दुसरी अडचण 'काय'ची. आपण म्हणतो, 'तुमचं नाव काय? फोन नंबर काय?' तिथे 'के' चालत नाही, 'क्वाल' लागतं: 'क्वाल एस सु नोम्ब्रे?' म्हणजे कोणतं आहे तुमचं नाव. पण वस्तूचं नाव लगेच पुढे आलं की परत 'के'. येवल्याला पैठणी दाखवायला नेलंत तर 'के कोलोर ले गुस्ता?' कोणता रंग आवडतो?

आणि आता 'आवडतो'कडे आलोच आहोत तर तुम्हाला मनापासून सांगायची गोष्ट ही. इंग्रजीतून स्पॅनिश शिकणारे या 'गुस्ता'ने महिनोन्‌महिने हैराण होतात, कारण इंग्रजीत 'मी आवडवतो' अशी उलटी रचना असते. मराठीत 'मला चहा आवडतो', 'मला द्राक्षं आवडतात'. आवडणारी गोष्ट एक असेल तर 'आवडतो', अनेक असतील तर 'आवडतात', आणि ज्याला आवडतं तो 'मला', 'तुम्हाला'. स्पॅनिश अगदी असंच चालतं. 'ले गुस्ता एल ते?' तुम्हाला चहा आवडतो का? 'ले गुस्तान लास उवास?' तुम्हाला द्राक्षं आवडतात का? जानेवारीत दिंडोरी, पिंपळगावकडे द्राक्षांचा हंगाम सुरू झालेला असेल, तेव्हा हा प्रश्न तर हवाच. हे वाक्य तुम्हाला समजून घ्यावं लागणार नाही, तुम्ही आधीपासून असाच विचार करता.

उच्चारांतही तसंच. स्पॅनिशमधले 'त' आणि 'द' दातांना जीभ लावून म्हणतात, आपल्यासारखे. 'क', 'त', 'प' यांत इंग्रजीसारखी हवा सुटत नाही. स्वर पाचच: आ, ए, इ, ओ, उ, आणि ते शब्दागणिक बदलत नाहीत. रोमन 'h' लिहिलेला असतो पण म्हणत नाहीत ('इहा'मधला 'ह' रोमन 'j'चा, तो म्हणतात), 'व' आणि 'ब' दोन्ही 'ब'जवळ जातात. म्हणून माझं मत असं की तुम्ही वही देवनागरीत करा. अनेक शिक्षकांना हे रुचत नाही. रोमन लिपी वाचायला शिकायचीच असते, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. पण तुम्हाला आधी बोलायचं आहे, आणि बोलण्यासाठी देवनागरी अधिक नेमकी पडते. डावीकडे मराठी प्रश्न, उजवीकडे स्पॅनिश, मध्ये इंग्रजी नको. जिथे जोर द्यायचा त्या अक्षराखाली रेघ मारा, कारण 'एस्ता' हा शब्द शेवटावर जोर दिला तर 'आहे' होतो आणि पहिल्या अक्षरावर दिला तर 'ही' होतो.

मुलाला मध्ये घ्यायचं की नाही, फोनवरच्या भाषांतराचं काय, हेही तुमच्या मनात आहे. दोन्ही गोष्टींना जागा आहे. विहीणबाईंची औषधं, पथ्यं, एखाद्या पदार्थाची अ‍ॅलर्जी हे सगळं मुला-सुनेकडून आताच, ते निघण्याआधी विचारून लिहून ठेवा. आपल्या भाजीत, कोशिंबिरीत शेंगदाण्याचं कूट सहज पडतं. तिथे अंदाजाने बोलणं परवडत नाही. डॉक्टरकडे जावं लागलं तर मुलगाच बोलू दे. फोन एखादं नाव शोधायला उत्तम, 'उशी'ला काय म्हणतात, 'कात्री'ला काय म्हणतात. पण अख्खा प्रश्न फोनमध्ये बोलून तो त्यांच्यापुढे धरायचा आणि मग उत्तरासाठी परत फोन धरायचा, असं दिवसभर चाललं तर दोघींचं लक्ष फोनकडेच राहील. प्रश्न तुम्ही विचारा, नुसता शब्द फोनला विचारा. क्लास सोडू नका, पण मॅडमना स्पष्ट सांगा की जानेवारीपर्यंत मला 'उस्तेद'चे प्रश्न हवेत, तक्ते फेब्रुवारीत करू. चांगली शिक्षिका हे ऐकेल.

मुलाच्या 'मी आहे ना' मागे प्रेमच आहे. पण तो सकाळी अंघोळीला जाईल, मित्रांना भेटायला कॉलेज रोडला जाईल, सुनेला घेऊन त्र्यंबकेश्वरला जाईल, आणि तुम्ही दोघी ओट्याशी उभ्या असाल. त्या वेळचे प्रश्न तुमचेच. आणि तिथे मोठी वाक्यं लागतच नाहीत. 'किएरे मास?' अजून हवंय? 'आसी एस्ता बिएन?' असं चालेल का? हा एक प्रश्न अंघोळीच्या पाण्यापासून पांघरुणापर्यंत सगळीकडे चालतो. 'बामोस?' जाऊया? पुढे जागेचं नाव लावा: 'बामोस आ पंचवटी?' त्या तुम्हाला 'ले आयुदो?' म्हणतील, मदत करू का? नाही म्हणू नका, त्यांच्या हातात काहीतरी द्या. त्या 'पिका?' विचारतील, तिखट आहे का? आपली मिसळ पुढे केलीत तर हा प्रश्न येणारच. त्या स्वतः मिरचीच्या देशातल्या आहेत, तरी विचारतील. तुम्ही बाजरीची भाकरी थापत असाल तर त्या नक्की बघत उभ्या राहतील, कारण मक्याची तोर्तिया, म्हणजे तिथली भाकरी, तव्यावर भाजणं मेक्सिकोतल्या बऱ्याच घरांत ओळखीचं काम आहे. 'दे के एस?' असं त्यांनी विचारलं की 'दे मिहो' म्हणा, बाजरीसारख्या बारीक धान्यांना तिकडे 'मिहो' म्हणतात.

उत्तर कळलं नाही तर, ही तुमची भीती पत्रात लिहिलेली नसली तरी मला ती वाचता आली. प्रश्न विचारणं म्हणजे उत्तर पूर्ण समजण्याची जबाबदारी घेणं, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. युरोप परिषदेने २००१ मध्ये भाषा शिकण्याच्या पातळ्यांची एक चौकट प्रसिद्ध केली. जगात बऱ्याच ठिकाणी स्पॅनिश त्याच पातळ्यांनी शिकवतात. तिच्या अगदी पहिल्या पायरीचं वर्णन असं आहे की शिकणाऱ्याला राहण्याचं ठिकाण, ओळखीची माणसं, जवळच्या वस्तू यांबद्दल साधे प्रश्न विचारता येतात, उत्तरं देता येतात, पण समोरचा माणूस सावकाश आणि स्पष्ट बोलणारा, मदत करायला तयार असेल तर. ही अट व्याख्येतच आहे. म्हणजे सावकाश बोलायला सांगणं हा तुमचा हक्क आहे. त्यासाठी तीन गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर हव्यात. 'मास देस्पासिओ, पोर फाबोर', जरा सावकाश. 'पुएदे रेपेतिर?' परत सांगाल का? आणि मेक्सिकोचा खास 'मांदे?', म्हणजे नीट ऐकू न आल्यावर नम्रपणे म्हणतात तो 'काय म्हणालात?' तुमच्या तोंडून 'मांदे' ऐकून विहीणबाईंचा चेहरा खुलेल, हे मी खात्रीने सांगते.

उत्तर हो-नाही किंवा एका शब्दात येईल असेच प्रश्न आधी विचारा. 'ते ओ काफे?' चहा की कॉफी? यात दोन्ही उत्तरं तुम्हाला माहीतच आहेत. 'पोर के?' मात्र सध्या दूर ठेवा. 'का?' विचारलं की समोरचा माणूस पाच मिनिटं बोलतो.

आणि स्वतः काही सांगितलंत की लगेच 'इ उस्तेद?' जोडा. आणि तुम्ही? 'तेंगो दोस इहोस. इ उस्तेद?' मला दोन मुलं आहेत. आणि तुम्हाला? दोन शब्दांत संभाषण त्यांच्याकडे जातं. जो प्रश्न तुम्हाला बनवता येत नाही, तोही यातून विचारता येतो: आधी स्वतःबद्दल सांगायचं, मग 'इ उस्तेद?' मी शिकवलेल्या प्रत्येकाला, मग तो वाइनरीत पाहुण्यांना फिरवणारा मुलगा असो की निर्यातीच्या कंपनीत फोन घेणारी मुलगी, सगळ्यांत जास्त याचाच उपयोग झाला आहे.

तुम्ही एक गोष्ट विसरताय असं मला वाटतं. विहीणबाईंनाही मराठी येत नाही आणि त्या परक्या घरात येताहेत. तुमच्यापेक्षा त्या जास्त बावरलेल्या असतील. त्यांना पहिल्याच दिवशी 'हे काय?' आणि 'तिखट आहे का?' हे दोन मराठी प्रश्न शिकवा. 'कोमो से दिसे एन एस्पान्योल?' म्हणजे 'याला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात?' असं तुम्ही विचारायचं, त्यांनी 'हे काय?' म्हणायचं. शेजारणींशी त्यांची ओळख करून देताना 'मि कोन्सुएग्रा' म्हणा, म्हणजे माझी विहीण. इंग्रजीत या नात्याला सोपं नाव नाही, स्पॅनिशमध्ये आहे.

वय, पगार, घराची किंमत हे प्रश्न मुलाने टाळायला सांगितले असतील तर ऐका. विहीणबाई एकट्या राहतात की कुणाबरोबर, हे 'कोन किएन बिबे?' विचारण्याआधी सुनेकडून जाणून घ्या. दुःखाचा विषय असेल तर तो तुटक भाषेत उघडू नये.

लिहिताना एक लक्षात ठेवा. स्पॅनिशमध्ये प्रश्नाच्या सुरुवातीलाही उलटं प्रश्नचिन्ह असतं, '¿' असं. स्पेनच्या शाही भाषा अकादमीने १७५४ मध्ये ते ठरवून दिलं. कारण उघड आहे. शब्दांचा क्रम न बदलता प्रश्न होत असेल तर वाचणाऱ्याला आवाज कुठून बदलायचा ते आधीच कळायला हवं. फोनवर घाईत बरेच स्पॅनिश भाषक ते गाळतात, पण तुम्ही वहीत घाला. ते दिसलं की वाचतानाच आवाज प्रश्नाचा लागतो. 'कोण', 'कुठे'सारखा शब्द असलेल्या प्रश्नात आवाज सहसा शेवटी उतरतो, नुसत्या हो-नाहीच्या प्रश्नात चढतो. मराठीतही आपण हेच करतो, मोठ्याने म्हणून बघा.

विहीणबाई येईपर्यंत वाट बघू नका. सुनेकडून त्यांचा नंबर घ्या आणि रोज एक प्रश्न आवाजी निरोपात पाठवा. लिहिण्यापेक्षा बोलून पाठवलेलं बरं, कारण त्यांचं उत्तरही आवाजात येतं आणि ते हवं तितक्या वेळा ऐकता येतं. मध्य मेक्सिको आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे आहे. नाशिकला रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा तिथे त्याच दिवशी सकाळचे साडेनऊ झालेले असतात. तेव्हा पहिला निरोप असा करा: 'बुएनोस दियास, सेन्योरा. कोमो एस्ता? या देसायुनो?' नमस्कार, कशा आहात, नाश्ता झाला का? शेवटच्या शब्दात 'नो'वर जोर द्या. उत्तर आलं की त्यात 'सी' आहे की 'नो' एवढंच आधी शोधा, मग खाण्याचा एखादा शब्द पकडा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच शब्दावरून विचारा, 'के एस एस्तो?' त्या बहुधा फोटो पाठवतील. तुम्हीही तुमच्या पोह्यांचा पाठवा.